पुसलेली फीत आणि आपली पाठचिकित्सा

दरवर्षी २ ऑक्टोबर जवळ आला की मराठी नियतकालिकांच्या पुरवण्यांतून एक ठरावीक लेख प्रसिद्ध होतो. मुंबई दूरदर्शनचा सुवर्णकाळ, वरळीचा उंच मनोरा, 'गजरा', 'चिमणराव', 'किलबिल', शेजाऱ्यांच्या घरी जमलेली मंडळी, आणि शेवटी 'आता ते दिवस राहिले नाहीत' असा सुस्कारा. २०२२ साली केंद्राला पन्नास वर्षे झाली तेव्हा तर अशा लेखांचा पूर आला. त्यातील जिव्हाळ्याबद्दल आम्हांस शंका नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. ज्या कार्यक्रमांच्या आठवणी आपण इतक्या गहिवरून काढतो, त्यांतील किती कार्यक्रम आज अस्तित्वात आहेत, हा प्रश्न या लेखांतून जवळजवळ कधीच विचारला जात नाही. आठवण उपलब्ध आहे म्हणून मूळ वस्तूची चौकशी करण्याची गरज वाटत नाही, ही आपली जुनी खोड येथेही दिसते.

ही आठवण कोणाची, हेही एकदा पाहिले पाहिजे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये पुण्यात त्याचे सहक्षेपण होऊ लागले. दूरचित्रवाणीच्या लहरी साधारणपणे नजरेच्या टप्प्यातच पोहोचतात. मुंबईपासून चारशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या वाटूरला, म्हणजे जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावाला, सत्तरच्या दशकात त्यांतले काहीही दिसणे शक्य नव्हते. पुढे १९८२ च्या १५ ऑगस्टला दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम रंगीत झाला, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एशियाड झाले, आणि १९८३-८४ नंतर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर झपाट्याने विणले गेले. पण या प्रक्षेपकांवरून प्रथम आले ते दिल्लीचे हिंदी कार्यक्रम. वाटूर, परतूर, मंठा या पट्ट्यातील माणसाची दूरदर्शनची पहिली सामूहिक आठवण 'रामायण'ची आहे, १९८७ ची आहे. मुंबईच्या मराठी कार्यक्रमांचे पहिले दशक आम्ही विसरलो, असे म्हणता येणार नाही, कारण ते आम्हांला कधी मिळालेच नव्हते.

म्हणून मुंबई-पुण्याच्या वाचकाला त्या फितींचे जतन हा स्मरणरंजनाचा विषय वाटत असेल, तर आम्हांला तो प्रथमदर्शनाचा विषय वाटतो. पुस्तक एकदा निघाले की ते उशिरा का होईना तालुक्याच्या ग्रंथालयात येते. मराठवाड्यातल्या वाचकाने मराठी साहित्य असेच, दोन पावले मागे राहून पण संपूर्ण, वाचले. दूरदर्शनच्या बाबतीत मात्र जो प्रक्षेपणाच्या रात्री मनोऱ्याच्या टप्प्यात होता त्यालाच कार्यक्रम मिळाला, आणि दुसऱ्या संधीचा मार्ग त्या फितीबरोबरच पुसला गेला.

फिती का पुसल्या गेल्या, हे गूढ नाही. आरंभीच्या काळात बरेच कार्यक्रम थेट दालनातून प्रक्षेपित होत, त्यांचे मुद्रणच होत नसे. जे मुद्रित होत त्यांच्या चुंबकीय फिती अवजड आणि महाग असत. एका फितीवर जुने पुसून नवे पुन:पुन्हा मुद्रित करता येते, हा त्या माध्यमाचा गुण हिशेबनिसाच्या नजरेने पाहिला गेला, आणि शाळेतली पाटी पुसावी तशा फिती पुसल्या गेल्या. बाहेरचे चित्रण १६ मि.मी. फिल्मवर होई. ती फिल्म पुसता येत नाही, पण हवाबंद थंड खोली नसेल तर मुंबईच्या दमट हवेत तिला बुरशी धरते. ज्या फिती वाचल्या त्यांच्यापुढे आणखी एक अडचण आहे. त्या वाचणारी यंत्रे बनणे कधीच बंद झाले. लिपी जाणणारा शेवटचा माणूस गेला की पोथी जशी मुकी होते, तशीच ही गत.

'हे आपल्याच गरीब देशात घडले' असा समज असेल तर तो आधी दूर केला पाहिजे. बी.बी.सी.ने १९६७ साली आपल्या दुसऱ्या वाहिनीवर रंगीत प्रक्षेपण सुरू केले, १९६९ च्या नोव्हेंबरात पहिली वाहिनीही रंगीत झाली. त्या श्रीमंत संस्थेने आपले आरंभीचे रंगीत कार्यक्रम सर्रास पुसले. रंगीत फीत पुसली गेली, आणि परदेशी विक्रीसाठी पडद्यासमोर कॅमेरा लावून काढलेली कृष्णधवल फिल्म तेवढी मागे राहिली, अशी उदाहरणे तिथे अनेक आहेत. 'डॉक्टर हू' या लोकप्रिय मालिकेचे साठच्या दशकातील नव्वदहून अधिक भाग नाहीसे झाले. १९७८ च्या सुमारास तेथील धोरण बदलले. तिथे आणि इथे पुसण्यात फरक नाही. फरक पुसल्यानंतरच्या वर्तनात आहे.

काय हरवले आहे, याची यादी त्यांनी केली आणि ती चारचौघांत मांडली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९९३ पासून हरवलेल्या कार्यक्रमांच्या शोधाचा उपक्रमच चालविला. यादी जाहीर झाल्यामुळे संग्राहकांना, निवृत्त तंत्रज्ञांना, परदेशी केंद्रांतल्या कारकुनांना आपल्या कपाटात काय आहे ते कळले. २०१३ मध्ये 'डॉक्टर हू'चे नऊ भाग सापडल्याची घोषणा झाली, ते नायजेरियातील एका केंद्रात पडून होते. 'डॅड्ज आर्मी' या विनोदी मालिकेच्या १९६९ मधील एका भागाची कृष्णधवल फिल्मच उरली होती. त्या फिल्मवर मूळ रंगसंकेताचे सूक्ष्म ठिपके नकळत उतरले होते. ते वाचून अभ्यासकांनी २००८ मध्ये त्या भागाचे रंग परत मिळविले.

मराठीच्या अध्यापकाला यात परके काय आहे? ही शुद्ध पाठचिकित्सा आहे. मूळ प्रत नष्ट झाली, एक उतरलेली प्रत हाती आली, तिच्यातील खाणाखुणांवरून मूळ पाठाचा शोध घेतला. आमच्यापासून फार दूर नसलेल्या पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, 'ज्ञानेश्वरी'ची प्रत शुद्ध केली, हे आपण प्रथम वर्षापासून शिकवतो. 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी हरवल्यावर महानुभावांनी ती स्मरणाने पुन्हा सिद्ध केली आणि त्यातून पाठभेदांच्या परंपरा निर्माण झाल्या, यावर आपण प्रश्नपत्रिकेत दहा गुणांचा प्रश्न घालतो. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या हरवलेल्या पाठासाठी एवढी आस्था असलेला हा विद्याव्यवसाय, आपल्याच हयातीत हरवलेल्या पाठांबद्दल एक शब्द बोलत नाही. याला आम्ही योगायोग मानत नाही.

आमचा खरा आरोप येथे आहे, आणि तो दूरदर्शनच्या भांडारपालावर नसून आपणा साहित्याच्या माणसांवर आहे. फीत पुसणाऱ्याने तिची किंमत शून्य धरली, कारण ती शून्य नाही असे सांगायला कोणी पुढे आले नाही. १९५४ च्या कायद्यान्वये प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना द्याव्या लागतात, मुंबईतील एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय त्यांपैकी एक. चित्रपटांसाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तेही सुमारे तेराशे मूकपटांपैकी तीसही धड उरले नाहीत इतका उशीर झाल्यावर. दूरदर्शनच्या आरंभकाळात मात्र ना तसा कायदा होता, ना तसे संग्रहालय. त्याची मागणी करणारा ठराव साहित्याच्या व्यासपीठांवरून गाजल्याचेही कोणास स्मरत नाही. दूरदर्शन म्हणजे करमणूक, करमणूक म्हणजे हलके, आणि हलके ते वाङ्मय नव्हे, ही आपली सोपी त्रैराशिके.

या आरोपातून आम्ही स्वतःला वगळत नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी विनायक चासकरांच्या 'गजरा'तील प्रहसने हा विषय सुचविला. साधने मिळणार नाहीत, परीक्षक विषय मानणार नाहीत, असे सांगून आम्हीच त्याला ग्रामीण कादंबरीकडे वळविले. प्रबंध वेळेत झाला, गुणही चांगले पडले. पण साधने नाहीत म्हणून विषय नाही, आणि विषय नाही म्हणून साधने कोणी मागत नाही, या चक्राला त्या दिवशी आम्हीही एक फेरा दिला.

कोणी विचारील, त्या कार्यक्रमांत वाङ्मयाच्या अभ्यासकाला उपयोगी असे होते तरी काय? 'प्रतिभा आणि प्रतिमा'त लेखक-कलावंत स्वतःच्या तोंडाने बोलत. अरुण काकतकरांच्या 'शब्दांच्या पलीकडले'मध्ये कविता गाण्याच्या वाटेने श्रोत्यांसमोर येई. चिं. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांच्या आणि गुंड्याभाऊ बाळ कर्व्यांच्या रूपाने उभा राहिला, आणि एका पिढीने चिं.वि. वाचण्याआधी पाहिले. रूपांतराचा याहून मोठा प्रयोग मराठीत विरळा. याकूब सईद आणि बबन प्रभूंच्या 'हास परिहास'मधली मराठी, 'आमची माती आमची माणसं'मध्ये बोलणाऱ्या शेतकऱ्यांची मराठी, हे बोलीच्या अभ्यासकाचे साहित्य आहे. छापील पानावर न उतरणारे उच्चार, हेल आणि थांबणे त्यांत होते.

याहून गंभीर प्रश्न तर निराळेच आहेत. १९७२ हे केंद्राच्या जन्माचे वर्ष, तेच दलित पँथरच्या स्थापनेचे, तेच नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'चे, आणि तेच आमच्याकडे आजही नुसते 'बहात्तर' म्हटले की ओळखू येणाऱ्या दुष्काळाचे. सरकारी पडद्याने पहिल्या वर्षात त्या दुष्काळाकडे कसे पाहिले? खडी फोडणाऱ्या बाईला बोलू दिले की तिच्याबद्दल कोणी दुसराच बोलला? दलित कवीला दालनात कधी बोलावले आणि त्याची ओळख कोणत्या शब्दांत करून दिली? १९७८ च्या नामांतराच्या वणव्याचे पडद्यावर काय झाले? दलित आणि ग्रामीण साहित्याच्या इतिहासाला या प्रश्नांशिवाय पुढे जाता येणार नाही, आणि त्यांची उत्तरे आठवणींच्या लेखांतून मिळणार नाहीत. सत्तेने कोणास पाहिले व कोणास वगळले, याचा पुरावा हाच त्या फितींतला सर्वांत मोलाचा भाग होता.

'आता सगळे यूट्यूबवर आहे की', हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. सह्याद्री वाहिनीने आणि प्रसार भारतीच्या अभिलेखागाराने जुन्या फितींचे अंकीकरण करून काही कार्यक्रम तेथे खुले केले, त्याबद्दल आम्ही मनापासून ऋणी आहोत. त्यांच्यामुळेच वाटूरच्या विद्यार्थ्याला भ्रमणध्वनीवर एखादी जुनी मुलाखत पहिल्यांदा पाहता येते. पण प्रक्षेपणाची तारीख, लेखक, निर्माता, संपूर्ण की संक्षिप्त, यांपैकी काहीच अनेकदा सोबत नसते. प्रथमावृत्तीचे साल नसलेले पुस्तक आपण संदर्भ म्हणून स्वीकारू काय? शिवाय वाचलेले म्हणजे निवडलेले नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा दाखविता आले, कारण त्याच्यामागे ते सांभाळणारे निर्माते आणि बाजार होता. केंद्राच्या स्वतःच्या मराठी निर्मितीला असा धनी नव्हता. जे टिकले तेच श्रेष्ठ होते, असा निष्कर्ष यातून काढणे म्हणजे वाळवीला समीक्षक मानणे होय.

मागणी एकच आहे, आणि ती फार खर्चाची नाही. सूची हवी. मुंबई केंद्राच्या १९७२ पासूनच्या मराठी कार्यक्रमांची तारीखवार सूची, आणि प्रत्येकासमोर स्पष्ट नोंद: आहे, अर्धवट आहे, नष्ट झाले. अशी सूची आजवर आमच्या हाती आलेली नाही. तिला स्वामित्वहक्काची अडचण येत नाही, कारण सूची म्हणजे कार्यक्रम दाखविणे नव्हे. त्या काळच्या वृत्तपत्रांत रोजचे कार्यक्रम छापले जात. ग्रंथालयांतील त्या अंकांवरून आपल्या मराठी विभागांतील विद्यार्थी दोन-चार वर्षांत आराखडा उभा करू शकतील. लघुप्रबंधांसाठी याहून उपयुक्त काम आम्हांस दिसत नाही. नंतर शोध घराघरांतून घ्यावा लागेल. एशियाडच्या सुमारास व्हिडिओ आला, आणि मुंबई-पुण्यातील कित्येक घरांत नातलग पडद्यावर आला म्हणून कार्यक्रम मुद्रित करून ठेवले गेले. कलावंतांच्या कपाटांत टंकलिखित संहिता असतील. पण या कॅसेटींचेही आयुष्य संपत आले आहे, आणि त्या जपणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे.

हरवल्याची नोंद ही शोधाची पहिली पायरी असते, आणि ती नोंद न करणे म्हणजे दुसऱ्यांदा पुसणे. पहिल्या वेळी फीत पुसणाऱ्याला निदान नव्या कार्यक्रमासाठी जागा हवी होती. आपल्यापाशी तेवढेही कारण नाही. पुढच्या २ ऑक्टोबरला ज्यांना सुवर्णकाळावर लिहावयाचे आहे त्यांनी जरूर लिहावे, मात्र लेखाखाली आपण पाहिलेल्या एका तरी कार्यक्रमाचे नाव, साल आणि ज्याच्याकडे त्याची प्रत असू शकेल असे घर यांची नोंद करावी. वाटूरला आम्ही ती वाचू आणि सूचीत उतरवून घेऊ.