व्याज नको, मग काय? – एका प्रयोगाची साठ वर्षे



१९६० च्या फेब्रुवारीत ‘कॅरोल’ वादळ आले तेव्हा आमच्या आजोबांचा दोन आर्पां ऊस आडवा झाला. ही हकीकत वडिलांच्या तोंडून आम्ही कितीदा तरी ऐकली आहे. त्या वर्षी साऱ्या बेटावरचे साखरेचे उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली आले. ऊस गेला, पण कर्ज गेले नाही आणि व्याजही थांबले नाही. नुकसान सगळे कष्ट करणाऱ्याच्या पदरात पडले.

धंद्यातला धोका कोणी सोसावा? ज्याला ‘इस्लामी अर्थशास्त्र’ म्हणतात त्या विषयाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. आपल्या गल्लीतले मुसलमान शेजारी हा शब्द वापरतात, वर्तमानपत्रांतही तो येतो. हा केवळ त्यांच्या धर्माचा प्रश्न आहे असे समजून आपण पान उलटतो. परंतु त्यात आपल्यालाही शिकण्यासारखे काही आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

कुराणाने ‘रिबा’ निषिद्ध मानला आहे. बहुतेक मुस्लिम पंडित त्याचा अर्थ सर्व प्रकारचे व्याज असा करतात. मग बँक चालवावी कशी? यावर विद्वानांनी ‘मुदारबा’ हा जुना व्यापारी करार पुढे आणला. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटायचा, आणि कष्ट करणाऱ्याचा दोष नसताना तोटा आला तर भांडवल बुडते ते भांडवलवाल्याचे. म्हणजे वादळ आले तर सावकारही भिजतो.

या विचाराला विद्यापीठीय रूप देणाऱ्यांत आपल्या हिंदुस्थानचे एक नाव मोठे आहे. डॉ. महंमद नजातुल्ला सिद्दीकी हे अलीगढ विद्यापीठात शिकवीत आणि पुढे जेद्दाला गेले. व्याजाविना बँक कशी चालेल याची त्यांनी तपशीलवार मांडणी केली. १९८२ साली त्यांना किंग फैसल पारितोषिक मिळाले. १९७६ साली मक्केत या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि नंतर जेद्दाच्या विद्यापीठात संशोधन केंद्र उघडले.

प्रयोग मात्र त्याआधीच एका लहान गावात झाला होता. १९६३ साली नाईलच्या खोऱ्यातील मित घम्र येथे जर्मनीत शिकलेले अहमद अल-नज्जार यांनी बचत बँक काढली. नमुना जर्मन बचत बँकांचा, ग्राहक शेतकरी व कारागीर. साध्या बचतीवर काही मिळत नसे, पण नियमित बचत करणाऱ्याला गरजेला बिनव्याजी लहान कर्ज मिळे. ज्याने पैसे गुंतवले त्याला नफ्यात वाटा असे. १९६७ पर्यंत हा प्रयोग चालला, मग सरकारी बँकांनी तो ताब्यात घेतला.

पुढे तेलाचा पैसा आला आणि मोठ्या इस्लामी बँका उभ्या राहिल्या. येथे मात्र गाडीने रूळ बदलला. या बँकांचा मोठा व्यवहार मुदारब्याचा नसून ‘मुराबहा’चा झाला. म्हणजे बँकेने यंत्र शंभराला घ्यायचे आणि तुम्हाला एकशेपंधराला हप्त्याने विकायचे. कागदावर व्याज नाही, पण नफ्याचा दर बहुधा बाजारातील व्याजदराकडे पाहूनच ठरतो. तिमूर कुरान व महमूद अल-गमाल या अर्थशास्त्रज्ञांनी यावर कडक टीका केली आहे. खुद्द सिद्दीकींनीही आपल्या उतारवयात याविषयी नाराजी बोलून दाखवली. आमच्या मते ही टीका रास्त आहे. पण बँकेची अडचणही खरी आहे. दूरच्या माणसाचा खरा नफा किती, हे तिने ओळखावे कसे? हिशेबाची वही दोन ठेवणारे सगळीकडेच असतात.

म्हणूनच गरिबांच्या उपयोगी पडले ते लहान आणि जवळचे प्रयोग. २००१ साली लाहोर येथे डॉ. अमजद साकिब यांनी ‘अखुव्वत’ ही संस्था सुरू केली. ती लहान धंद्यासाठी ‘कर्ज-ए-हसना’, म्हणजे बिनव्याजी कर्ज देते. कर्जवाटप मशिदीत होते, चर्चमध्येही झाले आहे; घेणाऱ्याचा धर्म विचारला जात नाही. साकिब यांना २०२१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मात्र हे विसरू नये की अशी संस्था देणग्या आणि सरकारी निधीच्या आधारावर उभी असते. व्याज नाही म्हणून खर्च नाही, असे होत नाही. कोणीतरी तो उचलतोच.

दानाची सक्तीही सोपी नाही. पाकिस्तानने १९८० साली बँक खात्यांतून परस्पर जकात कापायला सुरुवात केली. शिया समाजाने मोठा विरोध केला आणि सरकारला सूट द्यावी लागली. धर्माचे कर्तव्य सरकारने वसूल करायला घेतले की भाव बदलतो.

आता आपल्याकडे पाहू. मॉरिशसने २००७ साली बँक कायद्यात बदल करून इस्लामी बँकिंगला वाट दिली. पण त्याच्या कितीतरी आधी, १९१३ साली, येथे सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि लहान ऊस बागायतदारांना सावकाराच्या हातातून सोडवण्याचा यत्न सुरू झाला. तिचाही नमुना जर्मनीचा, राइफायझन यांचा! त्या संस्था व्याज घेत, पण माफक. आणि कर्ज देणारे व घेणारे एकाच गावचे असत.

मित घम्र, लाहोर आणि आपली पतसंस्था यांची नावे व धर्म वेगळे, पण टिकण्याचे कारण एक: माणसे एकमेकांना ओळखत होती. आज आपली मुले फ्रीज, टीव्ही, मोटार हप्त्यावर घेतात आणि करार न वाचता सही करतात. आम्ही वर्गात मुलांना सरळव्याज, चक्रवाढव्याज शिकवतो. परंतु ‘तोटा आला तर कोणाचा?’ हा प्रश्न शिकवत नाही. पालकांनी निदान सही करण्यापूर्वी तो विचारावा. बँक इस्लामी असो की दुसरी, तिच्याकडून उत्तर मागण्याचा हक्क आपल्याला आहे.