धान्याची पेटी आणि पात्रता पर्ची

सौंसरकडील एका वाचकबंधूंनी आम्हांस विचारले आहे की, सरकार गरिबाला धान्य फुकट देत असता ख्रिस्तमंदिराच्या दाराशी मूठ-मूठ धान्य गोळा करणारी पेटी ठेवण्याचे आता प्रयोजन काय? प्रश्नात कुत्सितपणा नाही. पेटीतील तांदळाला पोरकिडे लागतात, ते नेण्यास कोणी येत नाही आणि येणाऱ्यास लाज वाटते, असेही त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे. ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्यांच्याच मुलखात, 2020 सालच्या महामारीच्या दिवसांत शोधावेसे वाटते.

तो मुलूख आमच्या सर्व वाचकांच्या परिचयाचा नसेल. नागपूरहून बैतूल-भोपाळकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पांढुर्णा लागते आणि छिंदवाड्यास जाणाऱ्या रस्त्यावर सौंसर. 1956 साली राज्यांची नवी आखणी झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठी प्रदेश मध्य प्रदेशातच राहिला. 2023 साली ह्या दोन तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या काढून पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणारी गोटमार सोडली, तर वर्तमानपत्रांना ह्या गावाची आठवण सहसा होत नाही. येथे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी चालते. महाराष्ट्रातील शेतकरी सातबारा जपतो, येथला खसरा आणि ऋणपुस्तिका जपतो. कंट्रोलच्या दुकानातून धान्य मिळण्यास मात्र येथे ‘पात्रता पर्ची’ लागते. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा.

25 मार्च 2020 रोजी देश बंद झाला, तेव्हा संत्र्याच्या बागांतून मृग बहाराची तोडणी चालू होती. संत्र्याला ना कोठार, ना धीर. गहू पोत्यात वाट पाहतो; कापूसही एक वेळ घरात गंजी घालून ठेवता येतो. पिकलेले फळ मात्र आठवडाभरात झाडाखाली पडते. शेतीच्या कामांस आणि बाजार-समित्यांस दोन-तीन दिवसांतच सूट मिळाली हे खरे. पण बागेचा सौदा करणारा व्यापारी परगावी, तोडणीचा मजूर आपापल्या गावी आणि ट्रक वाटेत अडकलेला, अशा वेळी सुटीचा कागद घेऊन शेतकऱ्याने करावे काय? त्याच हंगामात मध्य प्रदेश सरकारने सुमारे 129 लाख टन गहू हमीभावाने खरेदी केला आणि पंजाबलाही मागे टाकले. गव्हाला क्विंटलमागे 1925 रुपये ठरलेले होते. संत्र्याला असा हमीभाव नव्हता. पोप तेविसावे योहान ह्यांनी 1961 सालच्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ ह्या परिपत्रकात शेतकऱ्याचे कर्ज, विमा आणि शेतमालाच्या किमतीचे संरक्षण ह्यांचा विचार केला होता. तो वाचताना आमच्या डोळ्यांपुढे ह्या बागा येतात.

तथापि सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. 26 मार्चलाच 1 लाख 70 हजार कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. शिधापत्रिकेवरील प्रत्येक माणसामागे नेहमीच्या धान्याखेरीज दरमहा 5 किलो धान्य मोफत आणि कुटुंबामागे 1 किलो डाळ, अशी ती व्यवस्था होती. जनधन खाते असलेल्या स्त्रियांना तीन महिने पाचशे-पाचशे रुपये मिळाले, उज्ज्वला योजनेतील घरांना गॅसची टाकी मिळाली, किसान सन्मान निधीचा 2000 रुपयांचा हप्ता एप्रिलमध्येच देण्यात आला, आणि मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी 190 रुपये झाली. धान्याची योजना पुढे खंड पडत, वाढत वाढत डिसेंबर 2022 पर्यंत चालली. ज्या घरात दोन महिने मजुरी नव्हती, त्या घरची चूल ह्या धान्याने पेटती ठेवली. आम्ही ह्यासाठी देवाचे आभार मानतो, आणि शासनाचेही.

परंतु हे सारे नावावर आले. धान्य पर्चीतल्या नावावर, हप्ता खसऱ्यातल्या नावावर, पाचशे रुपये खात्यातल्या नावावर. आता सौंसरच्या एखाद्या शिवारातले घर डोळ्यांपुढे आणावे. बाप दुसऱ्याची जमीन बटईने करतो. पीक त्याचे, कर्ज त्याचे, खसरा मालकाचा, म्हणून हप्ता मालकाच्या खात्यात. थोरला मुलगा सालदार. त्याला शेतच नाही. सुनेचे नाव माहेरच्या पर्चीवर राहिले आणि माहेर तीस कोसांवर, वाटेत पोलिसांचे नाके. तिच्या मांडीवरचे मूल तर अजून कोणत्याच कागदावर नाही. सहा माणसांच्या घरात पर्ची चौघांची. धान्य आले, पण चौघांचे आले; आणि जेवावयास सहा जण बसले. असे घर चोरीमारी करीत नाही, भीकही मागत नाही. आई तेवढी अर्धपोटी राहते.

हा आमचा कल्पनाविलास नव्हे. 16 सप्टेंबर 2020 रोजी मध्य प्रदेश सरकारने अन्न-उत्सव करून नव्या पात्रता पर्च्या वाटल्या, तेव्हा नव्याने नाव लागलेल्या माणसांची संख्या सुमारे 37 लाख होती. मधल्या काळात पर्ची नसलेल्यांना काही तात्पुरती मदत झाली. पण हक्काचे नाव लागावयास जवळजवळ सहा महिने गेले. देशभराचे पाहिले तर अन्नसुरक्षा कायद्याचा वाटा 2011 च्या जनगणनेवर ठरलेला, आणि 2021 ची जनगणना महामारीमुळेच लांबली. दहा वर्षांत जन्मलेली माणसे हिशेबात धरलेली नाहीत, भूक मात्र त्यांनाही लागते.

आणि ज्यांची चूल गावात नव्हतीच, त्यांचे काय? 8 मे 2020 च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली सापडले. ते जालन्याहून पायी निघाले होते. मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांचे. रुळांमध्ये त्यांच्या भाकऱ्या विखुरल्या होत्या. शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरितांसाठी दोन महिने धान्य देण्याची घोषणा झाली ती 14 मे रोजी, त्यानंतर सहा दिवसांनी.

जुन्या करारात सरव्याचा नियम आहे. शेताच्या कडेचे पीक कापू नये, पडलेली कणसे पुन्हा वेचू नयेत. ती गरिबाची आणि परक्याची. रूथ ही मवाबी बाई बवाजाच्या शेतात सरवा वेचावयास गेली, तेव्हा तिला कोणी तिचे गाव दाखवणारा कागद मागितला नाही. आमच्या शेतकऱ्यांनाही सरवा ठाऊक आहे. गव्हाची कापणी झाली की बायका-मुले ओंब्या वेचावयास येतात आणि जाणता शेतकरी त्यांना हाकलीत नाही. पण सरव्यावर राज्य चालत नाही, हेही आम्हांस कळते. ऐंशी कोटी माणसांना धान्य पोहोचवावयाचे तर यादी हवीच. यादीला नावे ठेवणारे आम्ही नव्हे. यादीत राहून गेलेली नावे कोण शोधणार, एवढाच आमचा प्रश्न आहे. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेदरिक ओझानाम आणि त्यांच्या मित्रांनी गरिबांची सेवा आरंभिली, तेव्हा ते मदत घेऊन गरिबाच्या घरी जात. गरिबाला आपल्या दाराशी बोलावीत नसत. पेटीपाशी येण्यास लाज वाटते असे आमचे वाचकबंधू लिहितात, त्याचे औषध येथेच आहे.

आज धान्य फुकट आहे हे खरे. परंतु महामारीत पर्चीवरच्या माणसाला विकतचे 5 आणि फुकटचे 5 असे 10 किलो मिळत. जानेवारी 2023 पासून विकतचे धान्य फुकट झाले आणि वरचे 5 किलो बंद झाले. नाव तेच राहिले, माप निम्मे झाले. पर्चीबाहेरच्या घराला तर कालही काही नव्हते, आजही नाही.

म्हणून आमचे उत्तर असे की पेटी काढू नये. तांदूळ महिन्याच्या महिन्यास वाटला तर पोरकिडे लागणार नाहीत, आणि तो पोहोचवावयास दोघांनी मिळून जावे. पेटीशेजारी एक वही ठेवावी. कोणत्या घरी किती माणसे जेवतात आणि पर्चीवर किती आहेत, एवढेच तीत लिहावे. ज्यांचे समग्र आयडी नाही, ज्या सुनेचे नाव माहेरी अडकले आहे, ज्या मुलाचा जन्मदाखला काढलेला नाही, त्यांच्याबरोबर हिंदी अर्ज लिहू शकणाऱ्या एका माणसाने पंचायतीत जावे. पहिल्या खेपेस काम होणार नाही असे धरूनच जावे. आमचे वाचकबंधू बाजारासाठी पांढुर्ण्यास जातातच. पुढल्या खेपेस ती वही त्यांनी पिशवीत टाकावी.