वाटीभर खोबरेल

आमच्या घरात बंदुकीची पूजा जेवढी झाली, तेवढी सफाई कधीच झाली नाही. दसऱ्याला आजोबांची ब्राउनिंग ऑटो-५ पाटावर यायची. हळदकुंकू, झेंडूची माळ, आपट्याची पानं आणि वरून वाटीभर खोबरेल. मग तशीच चामड्याच्या पिशवीत बंद, पुढच्या दसऱ्यापर्यंत. चामडं ओल धरतं, खोबरेल चिकट होतं, हे सांगायची सोय नव्हती. थोरले तात्या म्हणायचे, "तेल लई झालं म्हणून कुठं काय बिघडतंय व्हय?"

बिघडतं, तात्या. दुनळीत एक वेळ खपून जाईल, हिच्यात नाही. जॉन ब्राउनिंगनं १९०० साली पेटंट घेतलेली ही रचना. बार उडाला की तिची नळी बोल्टसकट मागं सरकते. तो धक्का आवरायला पुढच्या लाकडाखाली, मॅगझिनच्या नळीवर स्प्रिंग असते आणि ब्राँझचं एक कडं. ते कडं नळीला आवळून ब्रेक लावतं. सायकलच्या ब्रेकला तेल पाजणारा शहाणा आमच्या गावात एकही नव्हता, पण बंदुकीच्या ब्रेकला दरसाल पाजत होतो!

भुईमुगात रानडुकरं उतरली त्या रात्री तात्यांनी हवेत बार काढला. डुकरं पळाली, पण पुढच्या लाकडाला वीतभर चीर गेली. तात्यांनी दोष काडतुसाला दिला. कारागिरानं बंदूक उघडली, कड्यावरून बोट फिरवलं आणि तेलाकुंकवाचा लाल चिखल त्यांच्यापुढं धरला. बोलला काहीच नाही.

त्यानंच मग दाखवलं. आधी बोट घालून बघायचं, आत काडतूस राहिलं नाही ना. पुढची टोपी फिरवून लाकूड आणि नळी काढायची. जुना चिकटा रॉकेलनं धुऊन कोरडा करायचा. मॅगझिनच्या नळीवर पातळ तेलाचा हात फिरवून फडक्यानं पुसून घ्यायचं. कड्यामागची लोखंडी रिंग जड काडतुसाला स्प्रिंगच्या पुढं, हलक्याला मागं. बस्स. अर्ध्या तासाचं काम, आणि त्याला ना नैवेद्य लागतो ना मुहूर्त.

लाकूड नवं बसवायला त्या सालच्या भुईमुगातली तीन पोती गेली. यंदा दसऱ्याला चुलतभाऊ पुन्हा वाटी घेऊन आला. मी वाटी काढून घेतली, तर म्हणतो कसा, "दादा, तुमाला देवाधर्माचं काय पडलंच न्हाई."