आठ मतांनी विजयी, चौतीस मतांनी पराभूत



२०१२ च्या जानेवारीत अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्याची धामधूम चालू होती. रिक सॅन्टोरम कॅथलिक, न्यूट गिंग्रिच २००९ साली कॅथलिक झालेले. त्यामुळे मिस्सा सुटल्यावर आपल्या लोकांतही "कोण येणार?" अशी चौकशी होत होती. कोण येणार ते मला सांगता येत नव्हते, आणि उमेदवाराचा पंथ बघून मत ठरवावे असे मला वाटतही नाही. पण त्या महिन्यात तिकडे मतमोजणीची आणि बातम्यांची जी गंमत झाली (गंमत म्हणायची, दुसरे काय!) ती आपण नीट समजून घेण्यासारखी आहे. आपलेही मतदान ३ मार्चला होते.

पहिली फेरी ३ जानेवारीला आयोवा राज्यात झाली. राज्याची वस्ती तीस लाखांच्या आसपास, म्हणजे गोव्याच्या साधारण दुप्पट. थंडीच्या रात्री लोक शाळांत, चर्चच्या हॉलमध्ये जमतात, भाषणे ऐकतात, चिठ्ठीवर नाव लिहून देतात आणि तिथेच चिठ्ठ्या मोजल्या जातात. सव्वा लाखाच्या आत-बाहेर मते पडली. पहाटे जाहीर झाले की मिट रॉम्नी ३०,०१५, सॅन्टोरम ३०,००७. आठ मतांचा फरक! कुठलाही शहाणा माणूस म्हणेल, थांबा, पुन्हा तपासा. पण वाहिन्यांना थांबणे जमत नाही. रॉम्नी विजयी, अशी बातमी जगभर गेली. १० तारखेला न्यू हॅम्पशायरमध्ये रॉम्नी खरोखरच ३९ टक्के मते घेऊन पहिले आले. मग तर सगळीकडे एकच पालुपद: अध्यक्षपदावर नसताना आयोवा आणि न्यू हॅम्पशायर दोन्ही जिंकणारा हा पहिलाच रिपब्लिकन, आता शर्यत संपली.

१९ तारखेला आयोवाची तपासलेली मोजणी बाहेर आली. सॅन्टोरम २९,८३९, रॉम्नी २९,८०५. चौतीस मतांनी सॅन्टोरम पुढे. आठ केंद्रांचे कागद तर सापडलेच नाहीत. पक्षाने आधी "बरोबरी म्हणू या" असा सूर लावला आणि एक दिवस उलटल्यावर सॅन्टोरम यांना विजयी म्हटले. तो "इतिहास" खोटा ठरला, पण त्याचे ढोल वाजून गेले होते.

मधल्या सोळा दिवसांत काय गेले ते बघा. तिकडे पहिली फेरी जिंकणाऱ्याला प्रतिनिधी मूठभरच मिळतात. उमेदवारीला १,१४४ प्रतिनिधी लागत होते, त्यापुढे आयोवाचे २८ म्हणजे काहीच नव्हते. जिंकणाऱ्याला मिळते ते नाव. नावामागून देणगी येते, देणगीतून पुढच्या राज्यातल्या जाहिराती येतात, जाहिरातींतून पुढच्या चाचणीतले टक्के. सॅन्टोरम यांनी आयोवाचे ९९ च्या ९९ जिल्हे पालथे घातले होते, एका कार्यकर्त्याच्या पिकअप गाडीतून. त्यांची आघाडी बाहेर आली त्याच दिवशी टेक्सासचे रिक पेरी शर्यतीतून बाहेर पडले, गिंग्रिच यांच्या दुसऱ्या पत्नीची मुलाखत गाजली आणि रात्री साउथ कॅरोलिनात वादविवाद झाला. आयोवाच्या दुरुस्तीला कोण विचारतो?

त्या वादविवादात सीएनएनच्या जॉन किंग यांनी पहिलाच प्रश्न त्या मुलाखतीवर टाकला. गिंग्रिच उत्तर देण्याऐवजी प्रसारमाध्यमांवरच तुटून पडले आणि सभागृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले. दोन दिवसांनी तिथे गिंग्रिच यांना ४० टक्के, रॉम्नींना २८. माध्यमांना शिव्या देऊन माध्यमांतूनच मते मिळवण्याची ही कला आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी अजून पुरती शिकलेली नाही. शिकतील.

आता चाचण्यांबद्दल. आयोवातल्या 'डी मॉइन रजिस्टर' या वर्तमानपत्राच्या चाचणीला तिकडे मोठा मान होता. जूनमध्ये तिच्यात रॉम्नी पहिले आणि मिशेल बाकमनबाई त्यांच्या पाठोपाठ. ऑक्टोबरात हर्मन केन. डिसेंबरच्या सुरुवातीला गिंग्रिच. वर्षअखेरीस पुन्हा रॉम्नी. चाचणी खोटी होती असे मी म्हणत नाही, त्या त्या दिवशी लोकांनी तसेच सांगितले असणार. पण आज कोणाचे नाव टीव्हीवर जास्त ऐकले, हेच लोक सांगत होते. केन निवडणुकीआधीच घरी गेले. गिंग्रिच यांच्याविरुद्ध जाहिरातींचा पाऊस पडला आणि ते चौथे आले. शेवटच्या चाचणीत रॉम्नी २४, रॉन पॉल २२, सॅन्टोरम १५. सहाशे माणसांना विचारलेले, चूक चार टक्के इकडे किंवा तिकडे. म्हणजे २४ आणि २२ मध्ये पहिला कोण, हे त्या आकड्यांवरून सांगताच येत नाही. सातवीच्या मुलालाही हे समजावता येते. पण मथळ्यात "आघाडीवर" छापले की "चार टक्के" खाली बारीक अक्षरात जातात. खरे तर त्याच चाचणीच्या शेवटच्या दोन दिवसांत सॅन्टोरम २१ वर पोचले होते, ती खबर महत्त्वाची होती.

याहून वाईट गोष्ट गॅरी जॉन्सन यांची. दोन वेळा न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर झालेला माणूस. वादविवादाला बोलावणे यायला चाचणीत ठराविक टक्के हवेत. काही चाचण्यांत तर त्यांचे नावच विचारत नव्हते. नाव नाही म्हणून टक्के नाहीत, टक्के नाहीत म्हणून मंच नाही, मंच नाही म्हणून नाव नाही. दोनच वादविवाद वाट्याला आले आणि डिसेंबरात ते पक्ष सोडून गेले. रॉन पॉल यांचेही तसेच. ऑगस्टमध्ये एम्सच्या नमुना मतदानात बाकमनबाईंना ४,८२३ आणि पॉल यांना ४,६७१ मते. बातम्यांत पहिल्या आलेल्या बाई होत्या, त्या दिवशी शर्यतीत उतरलेले पेरी होते. दुसऱ्या आलेल्याला जणू कोणी पाहिलेच नाही. पॉल यांची मते मला मुळीच पटत नाहीत, पण १५२ मतांनी मागे राहिलेला माणूस अदृश्य कसा होतो?

आपल्याकडची व्यवस्था निदान एका बाबतीत शहाणी आहे. २०१२ मध्ये पाच राज्यांत मतदान २८ जानेवारीला मणिपूरपासून सुरू होऊन ३ मार्चला आपल्यापाशी संपणार होते, पण मोजणी सगळ्यांची ६ मार्चला होती. सगळीकडचे मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल दाखवायला बंदी. पंजाबने काय केले ते बघून म्हापशाचा मतदार वारा बघत नाही. मी वर्गात मॉनिटर निवडायचो तेव्हा सगळ्या चिठ्ठ्या वाचून होईपर्यंत फळ्यावर आकडा लिहू द्यायचो नाही, नाहीतर मागच्या बाकावरची मुले पुढे असलेल्याच्याच नावाने ओरडायला लागत. तिकडे मात्र महिनोन् महिने फळ्यावर आकडे लिहीतच मतदान चालते. अर्थात तिकडे उमेदवार निदान मतदार ठरवतो. आपले तिकीट दिल्लीहून येते, आणि छापून आलेल्या कौतुकाचे पैसे कोणी मोजले हे वाचकाला कळत नाही.

मंगळवारी, ३१ जानेवारीला, फ्लोरिडात मतदान होते. जिंकेल त्याला सगळेच्या सगळे ५० प्रतिनिधी मिळणार होते. पण टपालाने मत देण्याची सोय तिथे आधीपासून होती, आणि हजारो लोकांनी आयोवाचा खरा आकडा बाहेर येण्याआधीच, रॉम्नी दोन्ही राज्ये जिंकले असे वाचून, आपली पाकिटे बंद करून पाठवून दिलेली होती.

एक निवृत्त शिक्षक, म्हापसा