दुरुस्तीची नोंद

पुणे-नाशिक महामार्गाच्या एका टोकाला भोसरी-चाकणचा पट्टा, दुसऱ्या टोकाला नाशिकपलीकडच्या ओझरचा एचएएलचा कारखाना. १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिलेला आणि पुढे सुखोई-३० बांधणारा. मधल्या मंचर-नारायणगावच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये मात्र ट्रॉल्या, शेड आणि पॉलिहाउसचे सांगाडेच बनतात. विघ्नहर आणि भीमाशंकर या साखर कारखान्यांचा हंगाम संपला की दुरुस्तीची कामे निघतात. या जुन्नर-आंबेगावातल्या ज्या शॉपमालकांना आता एरोस्पेसच्या कामाकडे वळायचे आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांना काम देऊ शकणाऱ्या मोठ्या कंपन्यांसाठी हे संपादकीय आहे.

साखर कारखान्याच्या लोखंडातून अग्निबाणापर्यंत जाता येते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरने साखर कारखान्यांची यंत्रे बनवली आणि इस्रोच्या घन इंधनाच्या मोटरांची आवरणेही बनवली. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन उडालेल्या अग्निबाणाच्या एस-२०० बूस्टरचे भाग तिथे तयार झाले. व्यास ३.२ मीटर, धातू मॅरेजिंग स्टील. त्यात सुमारे १८ टक्के निकेल, शिवाय कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम. पण हे एका टेंडरने झालेले नाही. इस्रोचे अभियंते आणि कारखान्याचे लोक यांनी दशकानुदशके एकत्र काम केले, तेव्हा हे हाताला आले.

एकत्र काम म्हणजे काय, हे सांगायला १९६५ची अमेरिकेतली एक घटना उपयोगी पडते. २६० इंच, म्हणजे साडेसहा मीटरहून अधिक व्यासाचे, मॅरेजिंग स्टीलचेच एक मोटर-आवरण पाण्याच्या दाबाची चाचणी चालू असताना फुटले. ठरलेल्या दाबाच्या जेमतेम ५६ टक्क्यांवर. तपासात कारण सापडले ते वेल्डच्या दुरुस्तीत. मूळ जोड सबमर्ज्ड आर्कचा, त्यावर हाताने केलेली टिगची दुरुस्ती, आणि त्या दुरुस्तीच्या उष्णतेने बाधित झालेल्या पट्ट्यात राहिलेला दोष. तपासणीत तो पकडला गेला नव्हता. जोड करण्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त धोका जोड दुरुस्त करण्यात असतो. म्हणून दुरुस्ती कुठे झाली, किती वेळा झाली, कोणत्या फिलरने झाली, हे गिऱ्हाइकाला कळलेच पाहिजे.

आणि नेमके तेच आपल्याकडे लपवले जाते.

टायटॅनियमचा जोड घ्या. टॉर्चच्या मागे आर्गनचे आवरण नीट राहिले तर मणी चंदेरी उतरतो. फिकट पिवळ्यापर्यंत बहुतेक ठिकाणी चालते. निळा-जांभळा झाला की गरम धातूला हवा लागली असे समजायचे. पांढरी भुकटी दिसली तर जोड गेलाच. स्टीलचा ब्रश मारला की निळा रंग निघून जातो आणि मणी पुन्हा चकचकीत दिसतो. आत शिरलेला ऑक्सिजन मात्र तिथेच राहतो आणि जोड ठिसूळच राहतो. एक्स-रेमध्ये हा ठिसूळपणा दिसत नाही. तो फक्त त्या वेल्डरला आणि ब्रशला माहीत असतो.

वेल्डर ब्रश का उचलतो? तो अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे. प्लेट गिऱ्हाइकाने दिलेली असते, जॉब रिजेक्ट झाला तर प्लेटच्या पूर्ण किमतीची डेबिट नोट निघते, आणि ती रक्कम शॉपच्या सहा महिन्यांच्या जॉबवर्कपेक्षा मोठी असू शकते. भाव सर्वांत कमी बोलल्यामुळे ट्रायल पीसला पैसा उरलेला नसतो. मागचे बिल अडकलेले असते. सूक्ष्म-लघु उद्योगांची बिले जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावीत असे २००६चा कायदा सांगत असूनही. अशा माणसाने स्वतःहून फोन करून ‘साहेब, तिसऱ्या जोडावर निळा आलाय’ म्हणावे, ही अपेक्षा पर्चेस विभाग कोणत्या तोंडाने करतो?

सप्लायरशी सहकार्य म्हणजे वर्षातून एकदा हॉटेलात मेळावा आणि सन्मानचिन्ह नव्हे. ड्रॉइंग पक्के होण्याआधी ते वेल्डरला दाखवणे, टॉर्च कुठे पोचत नाही ते त्याला विचारणे, डब्ल्यूपीएस, म्हणजे वेल्डिंगची लेखी कार्यपद्धती, त्याच्याच शॉपमध्ये, त्याच्याच यंत्रावर, दोघांनी मिळून सिद्ध करणे, आणि टेस्ट कूपनचा खर्च भावात वेगळा दाखवणे, याला आम्ही सहकार्य म्हणू. कूपन कापून वाकवायला जवळची जागा हवी. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ही सोय तिथे करण्याबाबत कंपन्या, शॉप आणि महाविद्यालय यांनी एकत्र बसावे.

शॉपमालकांनाही स्पष्ट सांगितले पाहिजे. पहिल्या दिवशी अग्निबाणाचे आवरण कोणी देणार नाही, द्यायलाही नको. फिक्स्चर, जमिनीवरची वाहतूक-ट्रॉली, स्टँड इथून सुरुवात करा, पण नोंदी मात्र विमानाच्या भागासारख्या ठेवा. फिलर वायरचा हीट नंबर जॉब कार्डवर लिहा. तुकडा कापताना नंबर असलेले टोक शेवटपर्यंत ठेवा. आर्गनची नळी जुनी, भेगाळलेली असेल तर बदला. ओल आणि हवा तिथूनच शिरते. आणि टायटॅनियमच्या टेबलावरून स्टीलचे ब्रश कायमचे हलवा.

पर्चेस प्रमुखांना आमची विनंती एकच आहे. पुढच्या ऑर्डरच्या अटींमध्ये एवढे कलम घाला: लेखी नोंदीसह, काम पुढे नेण्याआधी सप्लायरने स्वतःहून कळवलेल्या दोषावर डेबिट नोट निघणार नाही. लपवलेला दोष सापडला तर करार रद्द करा, आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू.