वाद्य वाजावे की जपावे?

आमच्या मामांचा सिंथेसायझर कित्येक वर्षे माळ्यावर धूळ खात पडला होता. १९८५ च्या सुमारास याच वाद्यावर मामा गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांना साथ करीत. पुढे ते सुरात राहीना. जुळवून बसावे, तर तिसऱ्या गाण्यापर्यंत सूर सरकलेला! गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या मामेभावाने त्यात मायक्रोकंट्रोलर बसवण्याचे ठरवले आणि घरात दोन तट पडले. "अगं, त्याचा आत्माच काढल्यावर उरलं काय?" असे मामा मला म्हणाले. मी मात्र भावाच्या बाजूची. का, ते सांगते.

या वाद्यात मूळ नाद निर्माण करतो तो ऑसिलेटर. पट्टी दाबली की त्याला ठराविक व्होल्टेज मिळते व त्यावरून कंपने ठरतात. पण त्यातल्या ट्रान्झिस्टरचे वागणे उष्णतेने बदलते. मांडवातल्या दिव्यांखाली सूर ढळतो तो यामुळे. मायक्रोकंट्रोलर म्हणजे चिमुकला संगणक. तो क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यावर मोजून कंपने देतो. पुढचा फिल्टर जुनाच राहतो, आणि वाद्याचा ओळखीचा गोडवा बराचसा त्या फिल्टरमध्येच असतो.

शिवाय यात पाप ते कसले? १९७० साली निघालेल्या मिनीमूगचा ऑसिलेटर बोर्ड पुढे उत्पादकांनीच बदलून अधिक स्थिर केला. १९८२ च्या रोलँड जुनो-६० मध्ये तर कंपनांचे नियंत्रण मुळातच डिजिटल होते. त्यांनी केली ती सुधारणा आणि आपण केला तो अपराध, हा कुठला न्याय?

आपल्या संगीताचाही यात लाभ आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला दार बंद केले. तिचे बांधलेले स्वर हा त्या वेळचा एक मोठा आक्षेप होता. षड्ज २४० कंपनांचा धरला, तर आपला शुद्ध गंधार ३०० चा. पेटीच्या समान अंतराच्या सप्तकात तो ३०२ च्या वर जातो. मायक्रोकंट्रोलरला मात्र प्रत्येक पट्टीसाठी हवा तो आकडा देता येतो.

मामांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. दोन ऑसिलेटर किंचित मागेपुढे असले की नाद हलता, जिवंत वाटतो. काटेकोर मोजमापात हे हरवते. म्हणून भावाने दोन सुरांत मुद्दाम बारीक फरक ठेवला. माझी अट एकच होती : पेटी कापायची नाही आणि जुना बोर्ड फेकायचा नाही. पुढे कोणाला वाटले, तर वाद्य पूर्ववत करता आले पाहिजे. दुरुस्तीत एवढा विनय हवाच.

जुना बोर्ड आता मामांच्या कपाटात, मऊ कापडात गुंडाळून ठेवला आहे. "हे माझं वाद्य नव्हे," असे मामा अजूनही म्हणतात. पण संध्याकाळी दार लोटून घेतात आणि वाजवीत बसतात. तिसरे गाणे होते, चौथे होते. सूर जागचा हलत नाही.

(द्वितीय वर्ष, कला)