दुसरा रिमोट कशाला?

ज्या गाडीला कंपनीनेच रिमोट दिलाय, तिला स्वतःचा वेगळा रिमोट असलेला अलार्म बसवू नये. अलार्म हवाच असेल तर कंपनीच्या रिमोटवर चालणारा घ्यावा. तसा मिळत नसेल तर घेऊच नये.

एवढं एका दमात सांगून भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण नांदेडच्या काकांनी नवीन गाडी घेतल्यापासून आमच्या घरात हा विषय पेटलाय. गाडी 'मधलं मॉडेल' आहे. म्हणजे सगळ्यात खालच्या मॉडेलला नुसती चावी, सगळ्यात वरच्याला अलार्मसकट सगळं, आणि मधल्याला रिमोट आहे, सेंट्रल लॉक आहे, पण सायरन नाही. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानदारांचं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक हेच. दाजींचं मत, "सहा सुरांत वाजणारा घ्या, गल्ली जागी झाली पाहिजे." पुण्याच्या चिरंजीवांचं मत, पैसे मी देतो पण बाबा तुम्ही बसवाच. काकांना काय हवंय हे मात्र अजून कुणी विचारलेलं नाही... असो.

आधी गाडीत मुळात काय असतं ते बघू. आजकालच्या बहुतेक मोटारींच्या चावीत एक बारीकशी चिप असते. चावी घातली की लॉकभोवतीचं वेटोळं ती चिप वाचतं, ओळख पटली तरच इंजिनाचा कंप्युटर पेट्रोल सोडतो. हा इमोबिलायझर. त्याचा आवाज नाही, दिवा असलाच तर एवढासा, म्हणून कुणाला त्याचं कौतुक नाही. पण गाड्यांच्या चोऱ्या खऱ्या कमी केल्या त्या यानेच. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. नेदरलँड्समध्ये याचा अभ्यास झाला तेव्हा मोटारचोऱ्यांचं प्रमाण यामुळे सुमारे ४० टक्क्यांनी उतरल्याचा अंदाज निघाला. सायरनच्या नावावर असं काही जमा असल्याचं निदान माझ्या वाचनात नाही.

सायरनला कोण दाद देतं हो? लातूरला ट्यूशन एरियात संध्याकाळी क्लास सुटतात तेव्हा कुणाची ना कुणाची गाडी कोकलत असते. शेकडो पोरं शेजारून जातात, एक मान वळत नाही. लग्नसराईत औसा रोडला वरात आली की डीजेच्या दणक्याने ओळीने उभ्या गाड्या एकामागून एक सुरू होतात, आणि वरातीतले लोक त्यावरही नाचून घेतात. :-) दिवाळीत फटाके, पावसाळ्यात विजा, थंडीत गरम बोनेटवर येऊन बसणारी मांजरं. दहा वेळा विनाकारण वाजलेला सायरन अकराव्या वेळी खराच वाजला तरी शेजारचे एवढंच म्हणणार, "कुणाची तरी गाडी वाजायलीय." आणि कूस बदलून झोपणार.

त्यात कायद्याचंही बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११९ म्हणतो की अनेक सुरांचा हॉर्न किंवा अवाजवी कर्कश, घाबरवून सोडणारा आवाज करणारं साधन मोटारीला बसवू नये. रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस वगैरेंना सूट. दाजींचा सहा सुरांचा सायरन यात बसतो का यावर वकील खुशाल भांडोत. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि सायरनच्या डब्यावर शंभराच्या पुढचा आकडा अभिमानाने छापलेला असतो. रात्री अडीच वाजता श्रीनगरातल्या ज्या म्हाताऱ्या माणसाला तो ऐकावा लागतो त्याने कुणाची गाडी चोरलेली नसते.

आता मुख्य भांडण, दुसऱ्या रिमोटचं. दुकानातला नेहमीचा अलार्म येतो तो स्वतःचे दोन रिमोट घेऊन. त्याच्या वायरी गाडीच्या सेंट्रल लॉकला जोडतात, म्हणजे त्याच्या बटनानेही दारं उघडतात. इथेच खरी गोम आहे. कंपनीच्या रिमोटचा संकेत दर वेळी बदलतो, म्हणजे कुणी हवेतून तो टिपून ठेवला तरी पुढच्या वेळी उपयोग नाही. या पद्धतीतली 'कीलॉक' नावाची प्रसिद्ध प्रणाली दक्षिण आफ्रिकेत तयार झाली आणि १९९५ मध्ये मायक्रोचिप या अमेरिकन कंपनीने विकत घेतली. जगभरातल्या कितीतरी गाड्यांच्या आणि गॅरेजच्या रिमोटमध्ये ती गेली. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी तीही फोडून दाखवली. नामांकित प्रणालीची ही कथा, तर डब्यावर धड कंपनीचं नाव नसलेल्या रिमोटचं काय? त्यातले काही तर दर वेळी तोच एक ठरलेला संकेत फेकतात. वाड्याला सागवानी दरवाजा आहे आणि आपण पैसे देऊन मागच्या भिंतीला खिडकी पाडून घेतोय, ती पण पत्र्याची! दुकानदाराला हे विचारा, तो म्हणेल, "सर, रेंज बघा ना, शंभर फुटांवरून उघडते."

शिवाय दोन रिमोट म्हणजे दोन डोकी. कंपनीच्या रिमोटने लॉक केलं तर अलार्म चालूच होत नाही. अलार्म चालू असताना चुकून कंपनीच्या रिमोटने उघडलं तर सायरन. दुकानाच्या रिमोटने उघडून अर्ध्या मिनिटात दार उघडलं नाही तर तो आपणहून परत लॉक करतो. चांगली सोय आहे, पण डिकीची वायर जोडायचा वायरमनने कंटाळा केला असेल तर डिकी उघडली हे त्याला कळतच नाही. आमच्या एका मावशीने गंजगोलाईतून आणलेला महिन्याचा किराणा डिकीत ठेवला, पिशवीबरोबर चावीही आत ठेवली, डिकी लावली, तोवर दारं बंद. मे महिना, दुपारचे दोन. दुसरी चावी घरी आणि मुलगा ऑफिसात.

वायरिंगची तर वेगळीच गंमत. या अलार्मबरोबर बहुतेकदा एक रिले येतो, तो चावीच्या किंवा स्टार्टरच्या वायरीत घालतात. त्यासाठी कंपनीची अखंड वायर कापायची, पिळायची आणि वरून काळी टेप मारायची. मराठवाड्याच्या उन्हात बंद गाडीत त्या टेपचा गोंद वितळून सुटतो. गेल्या उन्हाळ्यात माझा एक चुलतभाऊ लातूरहून नांदेडला निघाला होता, बरोबर बायको आणि दोन लहान पोरं. अहमदपूर सोडलं आणि लोह्याच्या अलीकडे चहाला थांबले. चहा झाला, गाडी काही केल्या चालू होईना. बॅटरी चांगली, पेट्रोल भरपूर. रात्रीचे साडेनऊ वाजलेले. हॉटेलवाल्याने कुठूनसा एक पोरगा बोलावला. त्याने स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं, रिलेच्या दोन वायरी ओढून एकमेकींना पिळल्या, गाडी चालू. पाच मिनिटं, दोनशे रुपये.

भाऊ खुश झाला, मी मात्र हे ऐकून हबकलो. ज्या 'सुरक्षे'साठी साडेपाच हजार मोजले ती हॉटेलमागचा पोरगा टॉर्चच्या उजेडात पाच मिनिटांत बाजूला करतो, तर ज्याचा धंदाच तो आहे त्याला किती वेळ लागेल? कंपनीच्या इमोबिलायझरपुढे त्या पोराची काही मात्रा चालली नसती. म्हणजे या रिलेने चोर अडत नाही, अडतो तो मालक. वर वॉरंटीचं लचांड आहेच. पुढे त्याच वायरिंगमध्ये काही बिघडलं की सर्व्हिस सेंटरवाला कापलेल्या वायरीकडे बोट दाखवून मोकळा होतो, आणि खरं सांगायचं तर तो अगदीच चूक नसतो.

"पण इन्शुरन्स कमी होतो ना!" हे दाजींचं हुकमी पान. होतो की. भारतीय मोटर टॅरिफप्रमाणे पुण्याच्या एआरएआयने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण असेल, आणि ते बसवल्याचं ऑटोमोबाईल असोसिएशनचं प्रमाणपत्र असेल, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के सूट, जास्तीत जास्त ५०० रुपये. हप्त्याचा तो भाग आठ हजार असेल तर सूट झाली दोनशे रुपये. म्हणजे लोह्याच्या पोराची फी निघाली.

तरीही काच फोडून आतली बॅग पळवणाऱ्याला इमोबिलायझर काही करत नाही, हे मला मान्य आहे. गुरुद्वाराला गर्दीच्या दिवशी गाडी लांब लावावी लागते, तेव्हा काकांना धास्ती वाटणारच. तर मग कंपनीच्याच रिमोटवर चालणारा अलार्म बघावा. अशा प्रकारचे येतात, नेहमीच्या नावाच्या कंपन्यांचेही येतात, फक्त मागितल्याशिवाय दुकानदार काढत नाही. हा अलार्म स्वतः दारं उघडत नाही, नुसता कान लावून बसतो. कंपनीच्या रिमोटने लॉक केलं की दाराच्या मोटरला वीज जाते किंवा इंडिकेटर लुकलुकतात, तेवढ्यावरून तो जागा होतो. उघडलं की झोपतो. नव्या गाड्यांत वायरी न कापता गाडीच्या कंप्युटरच्या तारेवरून, म्हणजे कॅन बसवरून, वाचणारेही असतात. आपल्या मॉडेलसाठी कपलरला कपलर जोडणारं तयार वायरिंग मिळत असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी तेच घ्यावं.

पण हाही डोळे मिटून घेऊ नये. बऱ्याच गाड्या चालायला लागल्या की दारं आपोआप लॉक करतात. चावी चालू आहे हे अलार्मला कळत नसेल तर तो चालत्या गाडीतच जागा होईल, आणि पुढे काका कुणाला उतरवायला थांबले की बोंब. त्याहून महत्त्वाचं, रिमोटचा सेल संपला तर? सीआर २०३२ असला बटनाएवढा सेल, कधी मान टाकेल सांगता येत नाही. मग दार चावीने उघडावं लागतं, आणि काही गाड्यांत चावीने उघडल्यावर अलार्मला कळवणारा संकेतच जात नाही. सायरन सुरू. अशा वेळी तो बंद कसा करायचा हे काकांनी दुकानातच, दाजींनी नव्हे, स्वतःच्या हाताने दोनदा करून बघावं. जमलं नाही तर डबा परत.

आणि बॅटरी. चिरंजीव पुण्यात, काका महिन्यातून दोनदा गाडी काढणार. अलार्म उभ्या गाडीत वीस मिलिअँपिअर जरी खात असेल तरी महिन्याला चौदा-पंधरा अँपिअर-तास होतात, आणि लहान गाडीची बॅटरीच मुळी पस्तीसच्या आसपास. त्यात गाडीचं घड्याळ, कंप्युटर यांचं खाणं वेगळं. दीड महिन्याने काकूंना दवाखान्यात न्यायचं म्हणून काका गाडीत बसणार आणि नुसतं 'टक्' वाजणार. सत्तरीतल्या माणसाने धक्का कुणाला मारायला लावायचा? चिरंजीव, याचं उत्तर तू दे.

तेव्हा काका, दुकानात गेलात तर रिले नको, वायर कापायची नाही आणि वेगळा रिमोट नको, या तीन गोष्टी आधी सांगा आणि मगच खुर्चीवर बसा. धक्क्याचा सेन्सर कमीत कमीवर ठेवायला लावा. दाजींना बरोबर नेऊ नका. आणि गाडीबरोबर आलेली दुसरी चावी काकूंच्या कपाटात नीट आहे का तेवढं आजच बघा. चोरी झालीच तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते.